सुरक्षेचा कायदा कसा वाचावा

कुठेही मोठा हल्ला झाला की थोड्याच दिवसांत एखादं विधेयक येतं आणि ठरलेला वाद सुरू होतो: थोडं स्वातंत्र्य सोडलं तर बिघडलं कुठे, जीव तर वाचतील. जीव वाचले पाहिजेत याबद्दल माझा काहीच वाद नाही. सुरक्षा हे सरकारचं पहिलं काम आहे, आणि ज्याला घराबाहेर पडायची भीती वाटते त्याचं स्वातंत्र्य कागदावरच राहतं. माझी हरकत आहे ती वादाच्या मांडणीला. एका बाजूने जेवढं सोडाल तेवढं दुसऱ्या बाजूने मिळेल असं त्यात गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात सोडलेलं स्वातंत्र्य कायदा लागू होतो त्याच दिवशी जातं. बदल्यात सुरक्षा मिळाली का, हे मात्र वेगळं तपासावं लागतं. बऱ्याचदा ती मिळत नाही, आणि काही वेळा होती तीही कमी होते.

म्हणून विधेयकाचं नाव आणि उद्देशांचं निवेदन बाजूला ठेवून सरळ कलमांकडे जावं. हे कोणावर लागू होणार? कोणाच्या सहीने? किती दिवस? गोळा झालेल्या माहितीचं पुढे काय? आणि हे सगळं तपासणार कोण? बाकीचं भाषण असतं.

सगळ्यांवर पाळत का चालत नाही

सरसकट पाळत आणि संशयितावरची पाळत यांतला फरक तत्त्वाइतकाच गणिताचाही आहे. समजा लोकसंख्या १ कोटी आहे आणि त्यात खरोखर कट रचणारे १०० जण आहेत. आपली यंत्रणा इतकी चांगली, की ती कट रचणाऱ्याला ९९ टक्के वेळा ओळखते आणि निर्दोष माणसाला ९९ टक्के वेळा सोडून देते. म्हणजे १०० पैकी ९९ सापडले. पण उरलेल्या ९९,९९,९०० लोकांपैकी १ टक्का, म्हणजे ९९,९९९ निर्दोष माणसंही त्याच यादीत आली. यादी झाली १,००,०९८ नावांची, त्यातली खरी ९९. हजारात एक. प्राथमिक चौकशीला नावामागे दोन दिवस धरले आणि ५०० अधिकारी फक्त याच कामाला लावले, तरी यादी संपायला ४०० दिवस लागतात. तोवर खरे ९९ जण काय करत असतील? अचूकता ९९.९ टक्क्यांवर नेली तरी यादी सुमारे १०,१०० नावांची राहते आणि शंभरात एक खरा निघतो. आणि एवढी अचूक यंत्रणा प्रत्यक्षात कोणाकडेच नाही.

बँका कार्डाचा गैरवापर याच पद्धतीने पकडतात आणि त्यांना ते जमतं. कारण तिथे शिकायला गैरवापराची लाखो जुनी उदाहरणं असतात आणि इशारा खोटा निघाला तर एका फोनवर मिटतं. हल्ल्यांची उदाहरणं थोडी, त्यातलं प्रत्येक वेगळं, आणि इशारा खोटा निघाला तर कोणाच्या तरी दारात पोलीस उभे असतात.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकेत २००१ च्या पॅट्रियट या दहशतवादविरोधी कायद्यातल्या कलम २१५ चा आधार घेऊन कोट्यवधी लोकांच्या फोनच्या नोंदी गोळा केल्या जात होत्या, हे जून २०१३ मध्ये उघड झालं. संभाषण नाही, फक्त कोणी कोणाला, कधी आणि किती वेळ फोन केला एवढंच. एका संशयित नंबरापासून तीन टप्प्यांपर्यंत शोध घ्यायची मुभा होती. प्रत्येकाचा १०० जणांशी संपर्क धरा: पहिल्या टप्प्यात १०० नंबर, दुसऱ्यात १०,०००, तिसऱ्यात १० लाख. एका नंबरामागे! जानेवारी २०१४ मध्ये हे टप्पे दोनवर आणले गेले. त्याच महिन्यात खासगीपणा आणि नागरी स्वातंत्र्यावर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी मंडळाचा अहवाल आला. गोपनीय कागदपत्रं पाहूनही मंडळाला असं एकही प्रकरण सापडलं नाही, जिथे देशावरच्या धोक्याच्या तपासात या नोंदींमुळे निकाल बदलला. याच मंडळाने सहा महिन्यांनी दुसऱ्या एका कार्यक्रमाचा अहवाल दिला. परदेशातल्या ठरावीक लक्ष्यांवरची ती पाळत, परदेशी गुप्तवार्तेविषयीच्या वेगळ्या कायद्यातल्या कलम ७०२ खालची. ती उपयुक्त आहे असं मंडळाने स्पष्ट लिहिलं. अमेरिकी नागरिकांचे संदेश त्यात ओघाने अडकतात याबद्दलची चिंताही नोंदवली. तपासणारे तेच, वर्ष तेच. नेमकेपणाने केलेली पाळत उपयोगी पडली आणि सरसकट केलेली पडली नाही.

संभाषण ऐकतच नाहीत, मग तक्रार कसली, असं इथे हमखास विचारलं जातं. एखाद्या खात्यातला गैरव्यवहार छापून येतो. त्याआधीच्या तीन दिवसांत त्या खात्यातल्या एका लिपिकाच्या फोनवरून वार्ताहराला चार कॉल गेलेले आहेत, शेवटचा रात्री साडेअकराला, २६ मिनिटांचा. यातला एक शब्दही ऐकायची गरज नाही. लिपिकाची बदली करायला एवढं पुरतं, आणि पुढच्या वेळी कोणी फोनच करणार नाही.

कोणाचंच काही न काढून घेणारे उपाय

वादात हा मुद्दा जवळजवळ कधीच येत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमान सुरक्षेत शेकडो बदल झाले. माझ्या मते त्यातला सर्वांत उपयोगी बदल म्हणजे कॉकपिटचं मजबूत, आतून बंद होणारं दार. त्याला कोणाची माहिती लागत नाही, कोणाची झडती लागत नाही, प्रवाशाचा धर्म किंवा प्रवासाचा इतिहास लागत नाही. विमानाचा शस्त्रासारखा वापर करायचा रस्ता त्याने अडवला. कोणतंही विधेयक आलं की आधी हे विचारावं: धोक्याचं ठिकाणच मजबूत करता येतं का? पाण्याच्या टाकीला कुंपण, गर्दीच्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी अडवणारे खांब, सरकारी संगणकांची वेळच्या वेळी दुरुस्ती. हे उपाय कंटाळवाणे आहेत आणि त्यांच्या घोषणेला टाळ्या पडत नाहीत.

दारालाही दुसरी बाजू आहेच. २४ मार्च २०१५ ला एका जर्मन कंपनीचं एअरबस ए३२० फ्रेंच आल्प्समध्ये कोसळलं आणि विमानातले सगळे १५० जण गेले. कॅप्टन बाहेर गेल्यावर सहवैमानिकाने दार बंद केलं होतं. या दाराच्या रचनेत बाहेर कीपॅड असतं. आतले वैमानिक बेशुद्ध पडले तर बाहेरून आपत्कालीन कोड टाकायचा. काही सेकंद बझर वाजतो आणि आतून कोणी काही केलं नाही तर दार उघडतं. पण आतल्याने स्विच ‘लॉक’वर नेला की कीपॅड पाच मिनिटं निकामी होतं. अपहरणकर्त्याने कर्मचाऱ्याला धमकावून कोड काढून घेतला तर काय, म्हणून ही सोय ठेवलेली होती. रचना करणाऱ्यांनी धोका बाहेरचा धरला होता. आत बसलेल्यावर पूर्ण विश्वास होता. सुरक्षेचे कायदेही बहुतेक वेळा असेच लिहिले जातात. बाहेरच्या शत्रूची सगळी गृहीतकं त्यात असतात. अधिकार ज्याच्या हातात आहे तोच चुकला तर काय, याचं कलम नसतं.

मुदत

‘हा अधिकार फक्त २८ दिवसांसाठी’ असं लिहिलेलं दिसलं की हायसं वाटतं. ब्रिटनच्या २००० च्या दहशतवादविरोधी कायद्यातल्या कलम ४४ मध्ये नेमकं हेच होतं. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने एखादा भाग जाहीर करायचा, ४८ तासांत गृहमंत्र्यांची मंजुरी घ्यायची, आणि त्या भागात जास्तीत जास्त २८ दिवस कोणालाही, संशयाचं कारण न देता थांबवून झडती घ्यायची. कागदावर सगळं आहे: भाग, सही, मुदत. प्रत्यक्षात फेब्रुवारी २००१ पासून अख्खं लंडन ‘जाहीर भाग’ होतं आणि दर २८ दिवसांनी आदेश नव्याने निघत होता. वर्षानुवर्षं. २००९-१० या एका वर्षात या कलमाखाली १ लाखाहून जास्त लोकांना थांबवलं गेलं आणि दहशतवादाच्या गुन्ह्यासाठी अटक झाली शून्य. जानेवारी २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे कलम खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग करतं असा निर्णय दिला. न्यायालयाचा रोख निकषावर होता: झडतीचा आदेश आवश्यक असायची अटच नव्हती, अधिकाऱ्याला सोयीचा वाटला तरी पुरत होता.

मुदत वाचताना म्हणून दोन आकडे शोधा. एका वेळची मुदत किती, आणि एकूण कमाल मुदत किती. दुसरा आकडा नसेल तर पहिल्याला अर्थ नाही. नूतनीकरणासाठी नवं कारण लागतं की जुनंच चालतं, तेही बघा.

मुदत खरोखर संपली तरी तरतूद दुसऱ्या दाराने आत येऊ शकते. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर आणीबाणी लागली. मूळ कायदा १९५५ चा, अल्जीरियातल्या युद्धाच्या काळातला. १२ दिवसांपुढे संसदेची मंजुरी लागते. संसदेने सहा वेळा मुदतवाढ दिली. दरम्यान पॅरिसच्या हवामान परिषदेच्या तोंडावर त्याच अधिकाराने पर्यावरण कार्यकर्त्यांनाही घरात स्थानबद्ध केलं गेलं, ज्यांचा त्या हल्ल्यांशी काडीचा संबंध नव्हता. १ नोव्हेंबर २०१७ ला आणीबाणी उठली, पण त्याच्या थोडं आधीच झालेल्या कायद्याने तिच्यातले काही अधिकार, सौम्य करून का होईना, कायमच्या कायद्यात गेले. भारतात पोटा हा दहशतवादविरोधी कायदा २००४ मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी त्यातल्या दहशतवादाविषयीच्या बऱ्याच तरतुदी यूएपीए या बेकायदा कृत्यांविरुद्धच्या कायम कायद्यात आल्या. पोटाला तीन वर्षांची मुदत होती. यूएपीएला मुदत नाही.

नीट बांधलेली मुदत कशी दिसते, तेही इथलंच उदाहरण घेऊन सांगता येतं. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निर्णय दिला की स्थानबद्ध माणसाला आपली अटक बेकायदा आहे म्हणून न्यायालयात जाताच येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात होते. त्यानंतरच्या सरकारने १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती केली. तिची कलमं वाचताना कळतं की प्रत्येक ओळ एकेक भोक बुजवते आहे. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं. पंतप्रधानांच्या एकट्याच्या सल्ल्यावर राष्ट्रपतींची सही नको, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला पाहिजे. संसदेची मंजुरी एका महिन्यात, तीही विशेष बहुमताने, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी नोटीस दिली तर आणीबाणी उठवण्याच्या ठरावासाठी १४ दिवसांत बैठक. आणि घटनेच्या कलम २० व २१ ची (शिक्षेबाबतची संरक्षणं आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) अंमलबजावणी कोणत्याही परिस्थितीत स्थगित करता येणार नाही. १९७६ चा तो निर्णय मात्र पुस्तकात तसाच राहिला होता. खासगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला तो रद्द ठरवला.

सही कोणाची, तपासणी कोणाची

सही करणारा आणि तपासणारा एकाच छपराखालचे असतील तर तपासणी फाइलीतच राहते. भारतात फोन टॅपिंगचं तसंच आहे. १९९६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने चौकट घालून दिली: आदेश गृह सचिवांचा, दोन महिन्यांसाठी, कमाल सहा महिने, आणि वर एक पुनर्विलोकन समिती. इथे दोन्ही आकडे आहेत, ही चांगली गोष्ट. पण समिती सचिवांची, म्हणजे सरकारनेच सरकारला तपासायचं. २०२४ च्या नव्या नियमांतही तिच्यात न्यायाधीश नाही. आता कामाचा बोजा बघा. माहिती अधिकारात मिळालेला आकडा असा, की एकटं केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश काढत होतं. समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. म्हणजे एका बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश, आणि न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात हेच दाखवून दिलं. आठ तासांची बैठक, चहालाही न उठता, म्हणजे २८,८०० सेकंद. एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. कोणाची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही. एवढ्या वेळात कोणालाच एक आदेश वाचता येणार नाही.

न्यायालय घातलं की प्रश्न सुटतो असंही नाही. अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या गुप्त न्यायालयापुढे २०१२ पर्यंत पाळतीच्या परवानगीसाठी सुमारे ३४ हजार अर्ज आले आणि नाकारले गेले फक्त ११. बरेच अर्ज दुरुस्त करून घेतले जात, म्हणून नुसत्या या आकड्यावरून न्यायालय रबरी शिक्का होतं असं म्हणणं बरोबर नाही. खरी अडचण ही, की समोर एकच पक्ष. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याला अर्थातच बोलावता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने महत्त्वाच्या प्रकरणांत स्वतंत्र वकिलाला न्यायालयाचा मित्र म्हणून बोलावायची सोय केली. जर्मनीत आणखी एक चांगली तरतूद आहे: पाळत संपली आणि सांगण्याने तपासाला धोका उरला नाही, की त्या माणसाला कळवावं लागतं. हे कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. ज्याला कळलंच नाही तो न्यायालयात जाणार कसा?

माहितीचं पुढे काय

गोळा करायचं कलम लांबलचक असतं, पुसायचं कलम एका ओळीचं. तिथेच थांबून वाचावं. सिंगापूरचं कोविड संपर्कशोधाचं ट्रेसटुगेदर २०२० मध्ये आलं तेव्हा माहिती फक्त संपर्क शोधायला वापरली जाईल असं सरकारने सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत मान्य केलं गेलं, की फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोलीस ती घेऊ शकतात आणि एका खुनाच्या तपासात तसं झालंही आहे. आश्वासन मंत्र्यांचं होतं, अधिकार कायद्यातला. दोघांत टक्कर झाली की कायदा जिंकतो. पुढच्याच महिन्यात नवा कायदा करून हा वापर सात गंभीर प्रकारच्या गुन्ह्यांपुरता बांधावा लागला. त्याच काळात अ‍ॅपल आणि गूगलने मिळून दिलेल्या रचनेत मुळात असा ढीगच तयार होत नव्हता. फोन दर १०-२० मिनिटांनी बदलणारे ओळखक्रमांक हवेत सोडायचा, दिसलेल्या क्रमांकांची नोंद १४ दिवस फोनमध्येच राहायची, आणि संपर्क झाला का याची जुळणीही फोनवरच व्हायची. जी माहिती एका जागी नाही ती मागता येत नाही.

ढीग चोरीलाही जातो. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची पार्श्वभूमी-चौकशीची माहिती चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये उघड झालं, ५६ लाख लोकांच्या बोटांच्या ठशांसह. पासवर्ड बदलता येतो, बोटं नाही. आणि पाळतीसाठी मुद्दाम ठेवलेलं दार दुसऱ्यालाही सापडतं: ग्रीसमध्ये २००४-०५ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतल्या कायदेशीर टॅपिंगच्याच सोयीचा गैरफायदा घेऊन शंभरच्या वर फोन ऐकले गेले, त्यात खुद्द पंतप्रधानांचा फोन होता. एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे संदेश सांकेतिक करून बंद ठेवण्याच्या पद्धतीत, फक्त सरकारसाठी वाट ठेवा, असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावं.

हरकत कशी लिहावी

मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा ‘हा कायदा लोकशाहीविरोधी आहे’ असं लिहिलेली शेकडो पत्रं एका गठ्ठ्यात जातात. कलम क्रमांक, त्यातले शब्द, अडचण आणि पर्यायी मजकूर असं लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं, निदान टिपणीत नोंद तरी होते. मसुद्यात आधी ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ कुठे कुठे आहे ते शोधा. तिथला खरा मजकूर नंतर नियमांत ठरणार असतो, ज्यावर सभागृहात क्वचितच चर्चा होते. सही कोणाची आणि मुदत किती हे नियमांवर सोडलेलं असेल तर ते मूळ कायद्यात आणायची मागणी करा. मग ‘अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ ने सुरू होणारं कलम बघा, म्हणजे कोणती जुनी संरक्षणं निकामी होतात ते कळतं. आणि शेवटच्या पानांवर ‘सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल’ खटला चालणार नाही असं कलम असतंच. त्याला निदान ‘नोंदी ठेवल्या नसतील तर हे संरक्षण लागू होणार नाही’ ही पुस्ती जोडायला सांगा.

मुदतीच्या कलमासाठी पर्यायी मजकूर असा देता येईल: ‘आदेश ३० दिवस अमलात राहील. मुदतवाढ आधीच्या मुदतीत काय निष्पन्न झाले याचा लेखी तपशील जोडल्यासच, आणि एकूण १८० दिवसांच्या मर्यादेत देता येईल. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत, दाखल गुन्ह्यात पुरावा म्हणून लागणारी माहिती वगळता, सर्व माहिती नष्ट केली जाईल आणि तसे संबंधित व्यक्तीस कळवले जाईल. काढलेले, नाकारलेले व वाढवलेले आदेश आणि त्यांतून दाखल झालेले गुन्हे यांची संख्या दरवर्षी सभागृहापुढे ठेवली जाईल.’ शेवटच्या वाक्यात फक्त संख्या मागितल्या आहेत, नावं किंवा तपशील नाहीत. गोपनीयतेचं कारण सांगून ते वाक्य गाळलं गेलं, तर ब्रिटनमधल्या एक लाख झडत्यांमागे दहशतवादासाठीची अटक शून्य, हे कळलं ते सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीतून, असं उत्तरात लिहा.